सगळी अमायलॉइड्स क्रॉस-बीटाच, मग आजार वेगवेगळे कसे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला आहात, सेमिनारचा विषय आहे मेंदूच्या आजारांमधली अमायलॉइड प्रोटीन्स (एकमेकांवर रचली जाऊन न विरघळणारे लांब तंतू बनवणारी), आणि पुस्तकात सगळीकडे एकच वाक्य दिसतंय की अमायलॉइड कुठलंही असो, रचना क्रॉस-बीटा. मग रचना एकच असेल तर अल्झायमर वेगळा, पार्किन्सन वेगळा, पिक्स डिसीज (डिमेन्शियाचा एक विरळ प्रकार) वेगळा असं कसं? रचना माहीत आहे तर ते विरघळवणारं एकच औषध का नाही निघत? आणि साखळीवरून प्रोटीनचा आकार सांगणारा अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्रॅम असताना लोक अजून मेंदूचे नमुने घेऊन क्रायो-ईएम, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघणं, का करत बसलेत? शिवाय जाता जाता लिहिलंय की सर म्हणाले, प्रोटीनची बीटा-शीट (ताणलेले पदर शेजारी शेजारी लागून झालेली चादर) झाली की ते विषारी.

चारही प्रश्नांचा गुंता एकाच ठिकाणी आहे. अमायलॉइडच्या रचनेला दोन पातळ्या आहेत आणि पुस्तकातलं ते वाक्य फक्त पहिल्या पातळीबद्दल बोलतं. पहिली पातळी म्हणजे तंतू लांबीला कसा रचला जातो, ती जवळजवळ सगळीकडे सारखी. दुसरी म्हणजे तोच तंतू आडवा कापला तर छेदात प्रोटीनची साखळी कशी वळलेली दिसते, आणि ती आजारागणिक वेगळी. ही दुसरी पातळी नीट दिसायला लागली ती २०१७ पासून, म्हणून जुन्या पुस्तकांत ती नाही, त्यात पुस्तकांचा दोष नाही.

आधी पहिली पातळी. विल्यम ॲस्टबरीने १९३५ मध्ये शिजवलेल्या अंड्याचा पांढरा बलक ताणून त्याच्यावर एक्स-रे टाकले तेव्हा हा पॅटर्न पहिल्यांदा दिसला, आणि १९६८ मध्ये ईन्स आणि ग्लेनर यांनी खऱ्या अमायलॉइड तंतूंमध्ये तोच दाखवला. त्या पॅटर्नमध्ये महत्त्वाचे आकडे दोनच. तंतूच्या लांबीच्या दिशेने ४.७ ते ४.८ अँगस्ट्रॉम, हे एकावर एक बसलेल्या दोन स्ट्रँड्समधलं, म्हणजे साखळीच्या ताणलेल्या पदरांमधलं, अंतर. आणि आडव्या दिशेने साधारण १० अँगस्ट्रॉम, हे दोन शीट्समधलं अंतर, म्हणजे साइड चेन्सना (अमिनो ॲसिडच्या बाजूला निघणाऱ्या फांद्यांना) लागणारी जागा. स्ट्रँड्स तंतूच्या अक्षाला काटकोनात असतात म्हणून क्रॉस-बीटा. आता बघा, पहिला आकडा बॅकबोनच्या, म्हणजे साखळीच्या कण्याच्या, हायड्रोजन बाँडवरून येतो आणि बॅकबोन सगळ्या प्रोटीन्सचा सारखाच, त्यामुळे तो बदलणारच नाही. दुसरा आकडाही ढोबळ सरासरी आहे. म्हणजे "सगळ्यांची रचना एक" हा निष्कर्ष बराचसा त्या पद्धतीला जेवढं दिसतं त्यातून आला, कुठलं अमिनो ॲसिड कुठे बसलंय हे त्या पॅटर्नला दिसतच नव्हतं. काँगो रेड किंवा थायोफ्लेविन टी या रंगांचंही तेच, ते त्या पुनरावृत्तीच्या शिडीला चिकटतात, पॉझिटिव्ह आलं तर अमायलॉइड आहे एवढं कळतं, कुठलं ते नाही कळत.

डोळ्यासमोर चित्र हवं असेल तर चकली घ्या. एक चकली म्हणजे प्रोटीनचा एक रेणू, सपाट पडलेला, एकाच पातळीत वळणं घेत गेलेला. हुबेहूब तशीच दुसरी चकली बरोबर तिच्यावर, वळणावर वळण, काट्यावर काटा, फक्त दर थराला साधारण एक अंश फिरवून. अशा हजारो थरांचा उंच मनोरा म्हणजे एक प्रोटोफिलामेंट, आणि असे दोन एकमेकांना चिकटून पिळले की बहुतेक वेळा आपल्याला ईएममध्ये दिसतो तो तंतू. हिशोब करा, एक मायक्रॉन लांब तंतू म्हणजे १०,००० अँगस्ट्रॉम, भागिले ४.८, म्हणजे दोन हजारांवर थर, दोन प्रोटोफिलामेंट असतील तर चार हजारांच्या वर रेणू. नेहमीच्या गोलसर प्रोटीनमध्ये साखळी तीनही दिशांना जाते, इथे एक रेणू जवळजवळ दोनच दिशांत राहतो आणि तिसरी दिशा शेजाऱ्यांसाठी सोडतो. हा फरक डोक्यात बसला की अर्धं काम झालं, कारण विद्यार्थी बऱ्याचदा आकृतीतला एक थर बघून ते पूर्ण प्रोटीन समजतात.

काट्यावर काटा म्हणजे काय हेही सेमिनारमध्ये नक्की सांगा. व्हॅलिनवर व्हॅलिन, ॲस्पॅराजिनवर ॲस्पॅराजिन, अशी एकाच अमिनो ॲसिडची उभी शिडी तयार होते. ॲस्पॅराजिन, ग्लुटामिनला हे फार मानवतं, त्यांच्या साइड चेन्स वरच्या-खालच्या भावंडांशी हायड्रोजन बाँड करतात. पण ग्लुटामिक ॲसिड असेल तर निगेटिव्हवर निगेटिव्ह, दर ४.८ अँगस्ट्रॉमला एक, हजारो वेळा, आणि ते एकमेकांना ढकलणार. मग एकतर तो भाग बाहेर पाण्याकडे तोंड करून बसतो, नाहीतर शेजारी लायसिनची शिडी येते, नाहीतर बाहेरून काहीतरी येऊन तो चार्ज झाकतं. ही "बाहेरून काहीतरी" भानगड लक्षात ठेवा, पुढे लागेल. (अपवादही आहेत. अमायलॉइड बीटा या अल्झायमरमधल्या एका प्रोटीनच्या आयोवा म्युटेशनमध्ये, म्हणजे २३ व्या जागी ॲस्पार्टिक ॲसिडऐवजी ॲस्पॅराजिन असेल तर, काही तंतूंमध्ये स्ट्रँड्स उलटसुलट लागलेले सापडले. पण मेंदूतून काढलेल्या ज्या तंतूंबद्दल आपण बोलतोय ते जवळजवळ सगळे समांतर, थरावर थर जुळलेले.)

आता दुसरी पातळी, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर. चकली एका जागी सपाट वळवायची हे ठरलं, पण ती कशी वळवायची हे ठरलेलं नाही. मायोग्लोबिनसारख्या प्रोटीनची साखळी उत्क्रांतीत निवडली गेलीय ती एका ठरावीक फोल्डसाठी, म्हणजे घडीसाठी, म्हणून ती दर वेळी तशीच वळते. टाऊ (अल्झायमर आणि पिक्समधलं प्रोटीन) किंवा अल्फा-सायन्यूक्लीन (पार्किन्सनमधलं) यांची साखळी तंतू बनण्यासाठी कुणी निवडलेली नाही. ही प्रोटीन्स पेशीत बऱ्यापैकी मोकळी, अस्ताव्यस्त असतात, आणि तंतू म्हणून त्यांच्यासमोर सारख्याच खोलीचे अनेक खड्डे, म्हणजे जवळजवळ सारख्याच स्थिर घड्या, असतात. कुठल्या खड्ड्यात पडणार हे परिस्थितीवर ठरतं, आणि एकदा पहिला थर पडला की पुढचे सगळे तसेच, कारण तंतूचं टोक हाच पुढच्या रेणूचा साचा.

हे नुसतं तत्त्वज्ञान राहिलं असतं, पण २०१७ मध्ये केंब्रिजच्या एमआरसी लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायोलॉजीत फिट्झपॅट्रिक, शेरेस, गोडर्ट आणि मंडळींनी अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूतून काढलेल्या टाऊ तंतूंची रचना क्रायो-ईएमने साधारण ३.४ अँगस्ट्रॉमला सोडवली. त्याआधी आम्ही सगळे ट्यूबमध्ये वाढवलेल्या तंतूंवर किंवा सहा-सात अमिनो ॲसिडच्या तुकड्यांच्या क्रिस्टलवर बोलत होतो. अल्झायमरचा टाऊ छेदात इंग्रजी सी अक्षरासारखा दिसतो, ३०६ ते ३७८ एवढाच भाग त्यात पक्का बसलेला. ईएममध्ये पूर्वीपासून दोन प्रकारचे तंतू दिसायचे, पिळलेले जोडतंतू आणि सरळ तंतू, त्यावरून काय काय अंदाज बांधले गेले होते! निघालं असं की दोन्हींमध्ये सी तोच, फक्त दोन सी एकमेकांना पाठीला पाठ लावून कसे चिकटतात तेवढा फरक.

मग पुढच्या चार-पाच वर्षांत रांगच लागली. २०१८ मध्ये पिक्स डिसीज, तिथे टाऊ लांबुळका, जे अक्षरासारखा. २०१९ मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसलेल्या लोकांमध्ये होतो तो आजार, नमुने होते एका माजी अमेरिकन फुटबॉलपटूचे आणि दोन माजी बॉक्सर्सचे. २०२० मध्ये कॉर्टिकोबेसल डिजनरेशन, चार पदरांचा फोल्ड. २०२१ मध्ये पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), तीन पदरांचा, हे दोन्हीही टाऊचेच आजार. त्या वर्षी टाऊच्या आजारांचं वर्गीकरणच या फोल्ड्सवरून मांडलं गेलं.

इथे सगळ्यात आश्चर्याची गोष्ट मला वाटते ती फोल्ड वेगळे असण्याची नाही, उलटी आहे. एकाच आजाराच्या वेगवेगळ्या पेशंट्समध्ये फोल्ड तोच निघतो. अल्झायमर अनुवांशिक असो की म्हातारपणी आपोआप झालेला असो, टाऊचा सी तोच. ट्यूबमध्ये हेच प्रोटीन दर बॅचला वेगळं वागतं आणि माणसाच्या मेंदूत इतकी शिस्त, म्हणजे त्या त्या आजारात त्या त्या पेशींमध्ये काहीतरी ठरावीक परिस्थिती असली पाहिजे. ती परिस्थिती नक्की काय हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं उघडं कोडं आहे.

तुम्ही म्हणाल आयसोफॉर्म, म्हणजे एकाच प्रोटीनच्या थोड्या वेगळ्या आवृत्त्या. टाऊचे मेंदूत सहा आयसोफॉर्म, तीन रिपीटवाले आणि चार रिपीटवाले (रिपीट म्हणजे साखळीत परत परत येणारा भाग). पिक्समध्ये तीनवाले, पीएसपी आणि कॉर्टिकोबेसलमध्ये चारवाले, अल्झायमरमध्ये दोन्ही. हो, त्याने काही भाग उलगडतो, पण सगळा नाही. सीटीईमध्येही दोन्ही प्रकार असतात, अल्झायमरसारखेच, तरी फोल्ड वेगळा, सी जरा जास्त उघडा आणि आत एक पोकळी, आणि त्या पोकळीत प्रोटीनची नसलेली कसलीतरी डेन्सिटी, म्हणजे क्रायो-ईएमच्या नकाशात दिसणारा कुठल्यातरी पदार्थाचा ठसा. पीएसपी आणि कॉर्टिकोबेसल दोन्ही चार रिपीटवाले, तरी फोल्ड वेगळे. म्हणजे "बाहेरून काहीतरी" इथे परत आलं.

आता माझ्या रोजच्या कामातलं सांगते, कारण हे पुस्तकात कमी येतं. ट्यूबमध्ये तंतू वाढवणं सोपं आहे. शुद्ध प्रोटीन घ्या, ३७ डिग्रीला हलवत ठेवा, थायोफ्लेविन टाका, प्लेट रीडरमध्ये ४४० नॅनोमीटरला उजेड द्या, ४८० च्या आसपास मोजा, आधी सपाट लाइन मग एकदम चढ मग पठार, झाला आलेख, थिसिसचं एक चॅप्टर तयार. पण ते तंतू मेंदूतले आहेत का? टाऊला सुरुवात करून देण्यासाठी वर्षानुवर्षं सगळे हेपॅरिन (निगेटिव्ह चार्जची साखरेची साखळी) टाकत होते, आणि २०१९ मध्ये त्या तंतूंच्या रचना आल्या तेव्हा कळलं की एकाच ट्यूबमध्ये बरेच फोल्ड असतात आणि मेंदूतल्या कुठल्याच फोल्डशी ते जुळत नाहीत. मग २०२२ मध्ये लोव्हेस्टाम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टाऊचा २९७ ते ३९१ एवढाच तुकडा घेऊन हेपॅरिनशिवाय हलवला तर मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये अल्झायमरचा फोल्ड येतो आणि सोडियम क्लोराइडमध्ये सीटीईचा. मीठ बदललं की फोल्ड बदलला! याचा अर्थ मेंदूत मीठ बदलतं असा घेऊ नका, कृपया, असं लिहून व्हॉट्सॲपवर फिरेल. अर्थ एवढाच की हे खड्डे इतके जवळजवळ आहेत की छोट्याशा धक्क्याने प्रोटीन इकडून तिकडे जातं.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सांगते की थायोफ्लेविनचा आलेख दाखवून "अल्झायमरचं मॉडेल" म्हणू नका. "अमुक बफरमधले तंतू" म्हणा. मेंदूतले तंतू हवे असतील तर टिश्यू घ्यायचा, सार्कोसिल हे डिटर्जंट टाकायचं, अल्ट्रासेंट्रिफ्यूज करायचं, जो न विरघळणारा गाळ खाली बसतो तो ग्रिडवर पातळ थरात पसरून द्रव इथेनमध्ये झटकन गोठवायचा, मग मायक्रोस्कोप. त्यात फेरिटिन, कोलॅजन, लिपिडचे थेंब सगळं असतं, तंतू शोधावे लागतात. आणि थोडे तंतू घेऊन ट्यूबमध्ये बी म्हणून टाकले, नवं प्रोटीन वाढवलं, असंही करतात, पण बी टाकलं म्हणजे पीक तेच येईल असं नाही: मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी या पार्किन्सनसारख्या आजारात मेंदूत सापडणाऱ्या अल्फा-सायन्यूक्लीन तंतूंचं बी टाकून वाढवलेले तंतू मूळ तंतूंसारखे निघाले नाहीत. हेही प्रकाशित झालंय.

टाऊवर मी जास्त वेळ घालवला कारण तिथे चित्र सगळ्यात स्पष्ट आहे. बाकीच्यांचं भरभर सांगते. अल्फा-सायन्यूक्लीन, १४० अमिनो ॲसिड, लेवी बॉडीजमध्ये (पार्किन्सनमध्ये चेतापेशींत दिसणाऱ्या गोळ्यांमध्ये) हेच असतं हे स्पिलान्टिनी आणि गोडर्ट यांनी १९९७ मध्ये दाखवलं. मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीतली त्याची रचना २०२० मध्ये आली, दोन वेगळ्या प्रोटोफिलामेंट्सची जोडी आणि मधल्या जागेत परत एक अनोळखी डेन्सिटी. पार्किन्सन आणि लेवी बॉडी डिमेन्शियातली २०२२ मध्ये, एकच प्रोटोफिलामेंट, पूर्ण वेगळा फोल्ड, आणि पार्किन्सन व लेवी बॉडी डिमेन्शिया दोन्हीत मात्र तोच. अमायलॉइड बीटा-४२ ची मेंदूतली रचनाही २०२२ ची, एस अक्षरासारखा फोल्ड, दोन प्रकार: आपोआप होणाऱ्या अल्झायमरमध्ये मुख्यतः पहिला, अनुवांशिक अल्झायमर आणि इतर काही आजारांत दुसरा. ४२ अमिनो ॲसिडच्या या साखळीत ४० वाल्या साखळीपेक्षा शेवटी फक्त दोन अमिनो ॲसिड जास्त, आयसोल्युसिन आणि ॲलनिन, दोन्ही पाण्यापासून पळणारी, आणि तेवढ्याने चिकटण्याचा वेग कितीतरी वाढतो. एएलएस या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या आजारातलं टीडीपी-४३ हे प्रोटीन सुद्धा २०२२ मध्ये सुटलं, दुहेरी सर्पिलासारखं वळलेलं.

बीटा-शीट म्हणजे विष, या तुमच्या सरांच्या वाक्यावर. सरांना उलट बोलू नका, पण हे तीन मुद्दे शांतपणे ठेवा. पहिला, शरीर आणि बॅक्टेरिया मुद्दाम अमायलॉइड बनवतात. ई. कोलायच्या अंगावरचे कर्ली तंतू अमायलॉइडच, आपल्या त्वचेतल्या मेलॅनिनच्या कारखान्यात अमायलॉइडची चौकट असते, आणि पिट्यूटरीतले बरेच पेप्टाइड हॉर्मोन्स अमायलॉइडसारख्या रूपात साठवले जातात हे २००९ मध्ये समीर माजी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. माजी आता आयआयटी मुंबईत आहेत, त्यांच्याच ग्रुपने २०२० मध्ये अल्फा-सायन्यूक्लीन आधी द्रव थेंबांसारखं एकत्र येतं आणि मग ते थेंब घट्ट होऊन तंतू बनतात हे मांडलं. सेमिनारमध्ये इथला संदर्भ द्यायचा असेल तर हा अगदी नेमका आहे, आणि त्यांना इमेल करून शंका विचारायला काहीच हरकत नाही. दुसरा मुद्दा, टीएमईएम१०६बी नावाच्या प्रोटीनचे अमायलॉइड तंतू २०२२ मध्ये बऱ्याच मेंदूंमध्ये सापडले, आजार नसलेल्या वयस्कर माणसांच्या मेंदूतही, वयाबरोबर वाढणारे. तंतू असणं म्हणजे आजार असणं, असं सरळ समीकरण नाही. तिसरा, अल्झायमरमध्ये प्लाक (अमायलॉइड बीटाच्या गाठी) किती आहेत यापेक्षा टाऊ मेंदूत कुठवर पसरलाय याचा स्मृतीच्या ऱ्हासाशी जास्त जवळचा संबंध दिसतो. ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये मांडलेल्या पायऱ्या त्या टाऊच्या प्रसारावरच आहेत.

मग विष कोण? यात माझं मत आणि दुसऱ्या कुणाचं मत वेगळं असू शकतं. बऱ्याच जणांच्या मते त्रास देतात ते लांब तंतू नव्हे, तर छोटे, अल्पायुषी ऑलिगोमर, म्हणजे मोजक्या रेणूंचे पुंजके. अडचण अशी की त्यांची रचना पकडता येत नाही, ते सगळे एकसारखे नसतात आणि टिकत नाहीत. पण तंतू निर्दोष असंही नाही, कारण अमायलॉइड बीटा-४२ मध्ये २०१३ साली लिन्से, नोल्स आणि इतरांनी दाखवलं की तयार तंतूंच्या पृष्ठभागावरच नवे ऑलिगोमर जन्माला येतात. म्हणजे तंतू हा मुख्य आरोपी नसला तरी अड्डा त्याचाच. मी स्वतः तंतू आणि ऑलिगोमर असा भेद फार ताणत नाही, एकाच प्रक्रियेचे ते टप्पे आहेत.

आता औषध. विरघळवता का येत नाही याचं कारण वरच्या चित्रातच आहे. उभ्या दिशेने हायड्रोजन बाँड्सची शिडी, आणि आडव्या दिशेने दोन शीट्सच्या साइड चेन्स एकमेकांत इतक्या घट्ट अडकलेल्या की मध्ये पाण्याचा एक रेणू मावत नाही. याला स्टेरिक झिपर म्हणतात, आयझेनबर्ग ग्रुपने २००५ मध्ये यीस्टच्या प्रोटीनच्या सात अमिनो ॲसिडच्या तुकड्यात तो पहिल्यांदा अणूंच्या पातळीवर दाखवला. नेहमीच्या औषधाला एन्झाइममध्ये एक खोबण मिळते, आत जाऊन बसायला. इथे तशी खोबण नाही, आहेत त्या तंतूच्या अंगावरच्या लांबच लांब चरी. त्या चरीत एखादा छोटा रेणू बसतो तो एकटा नाही, दर थराला एक, स्वतःही थर लावून. टाऊच्या एका पेट ट्रेसरचं (स्कॅनमध्ये टाऊ दिसावा म्हणून देतात त्या किरणोत्सारी रेणूचं) असंच बसणं २०२३ मध्ये दिसलं. आणि चर फोल्डप्रमाणे बदलते, म्हणून फ्लॉरटॉसिपीर हा २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला टाऊचा ट्रेसर अल्झायमरमध्ये चांगला दिसतो पण पीएसपी किंवा पिक्समध्ये त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तुमच्या "एकच औषध का नाही" याचं हे सगळ्यात थेट उदाहरण, स्लाइडवर हेच टाका.

सध्याची औषधं वेगळ्या वाटेने जातात. लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब ही अँटिबॉडीज आहेत, अमायलॉइड बीटाविरुद्ध. तंतूच्या घट्ट गाभ्याला त्या हात लावत नाहीत, साखळीचं सुरुवातीचं टोक गाभ्याच्या बाहेर मोकळं लोंबकळत असतं, तिथे पकडतात, मग मेंदूतल्या सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी येऊन तो माल उचलतात. डोनॅनेमॅब तर प्लाकमध्येच सापडणारं, तिसऱ्या जागी पायरोग्लुटामेट झालेलं टोक ओळखते. लेकॅनेमॅबच्या मोठ्या ट्रायलमध्ये १,७९५ लोक होते, १८ महिन्यांत ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला, थांबला नाही, उलटला तर नाहीच, आणि मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव हा धोका आहे, एपीओई-४ या जीनप्रकाराच्या दोन प्रती असणाऱ्यांत तो जास्त. कुणाच्या घरी पेशंट असेल आणि हे वाचत असेल तर हे औषध त्यांच्यासाठी आहे की नाही हे वय, टप्पा, एमआरआय, जीन टेस्ट, रक्त पातळ करणारी औषधं अशा बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, ते न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील, मी रचनेचं बघते, पेशंट बघत नाही.

आणि हो, हळद. प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतंच. करक्युमिन ट्यूबमध्ये अमायलॉइडला चिकटतं हे खरं आहे. पण ते स्वतः चमकतं आणि थायोफ्लेविनच्या उजेडात ढवळाढवळ करतं, त्यामुळे "हळदीने अमायलॉइड कमी झालं" असे कितीतरी आलेख प्रत्यक्षात सिग्नल दडपल्याचे असू शकतात, ईएमने खात्री करावीच लागते. अल्झायमरच्या पेशंट्सवर झालेल्या छोट्या ट्रायल्समध्ये फायदा दिसला नाही. आमटीत घाला, सेमिनारमध्ये नको.

अल्फाफोल्डचं राहिलं. २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याच्यासाठी मिळाला ते योग्यच, पण त्याला शिकवलंय ते उत्क्रांतीत जपलेल्या फोल्ड्सवर: वेगवेगळ्या प्राण्यांमधली तीच साखळी तुलना करून कुठली दोन अमिनो ॲसिड्स जोडीने बदलतात त्यावरून ते जवळीक ओळखतं. आजारातलं अमायलॉइड उत्क्रांतीने जपलेलंच नाही, त्यामुळे तो धागाच तिथे नाही. अल्फा-सायन्यूक्लीन द्या, ते एक लांबलचक हेलिक्स काढून देतं, टाऊ द्या तर बहुतांश भाग कमी खात्रीचा शेवयांचा गुंता. आणि मुळात टाऊची एकच साखळी अल्झायमरमध्ये सी, पिक्समध्ये जे होत असेल, तर "या सीक्वेन्सचा फोल्ड कुठला" या प्रश्नाला एक उत्तरच नाही, ते कुठल्या मेंदूत, कुठल्या आजारात हे विचारल्याशिवाय. म्हणून टिश्यू लागतोच.

तर सेमिनारपुरतं धरून ठेवा: लांबीच्या दिशेने सगळे सारखे, छेदात वेगळे, आणि छेद कसा येणार हे सीक्वेन्सबरोबर परिस्थितीवरही ठरतं.

आता प्रत्यक्ष तयारीचं. पीडीबी या प्रोटीनच्या रचनांच्या खुल्या साठ्यावरून दोन फाइल्स घ्या, ५ओ३एल म्हणजे अल्झायमरचा टाऊ आणि ६एनडब्ल्यूपी म्हणजे सीटीईचा. कायमेराएक्स या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, तंतूच्या अक्षाच्या दिशेने वरून बघा आणि दोन्हींचा एकेक थर शेजारी शेजारी ठेवा, सी किती उघडलाय आणि पोकळी कुठे आहे ते लगेच दिसेल. मग बाजूने बघा आणि दोन थरांमधलं अंतर मोजा, दोन्हीकडे साधारण ४.८ यायला हवं. या दोन चित्रांत तुमचा पहिला प्रश्न सुटतो, दहा स्लाइड्सची गरज नाही. एक मात्र सांभाळा. सगळ्यात मोठ्या टाऊ आयसोफॉर्ममध्ये ४४१ अमिनो ॲसिड असतात आणि अल्झायमरच्या त्या मॉडेलमध्ये ७३ च दिसतात. बाकीचा भाग हरवलेला नाही, तो गाभ्याभोवती हलता, अस्ताव्यस्त झुबका म्हणून असतो आणि क्रायो-ईएमच्या सरासरीत धूसर होऊन जातो. स्लाइडवर तो हाताने काढून दाखवा, नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येणार.